चाळिसावं बटण

चाचा चालता चालता मध्येच थांबायचे. नदीकाठच्या गल्लीतून घरी यायचं असो की भाजी आणायला जायचं असो, ओठातल्या ओठात पावलं मोजणं चालू असायचं आणि चाळिसाव्या पावलाला स्वारी उभी. दोन-तीन श्वास होईपर्यंत कुठंतरी लांब बघायचे आणि मग पुढं निघायचे. इंदूरच्या छत्रीबाग मोहल्ल्यातल्या लोकांना त्याची सवय झाली होती. मागून येणारा स्कूटरवाला "चाचा, हो गए क्या चालीस?" असं विचारून बाजूनं निघून जायचा. मी नवी होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला दम लागतोय. आधार द्यायला म्हणून मी हात धरला, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि म्हणाले, "ये वाला मेरा नहीं है, प्रोफेसर. हे पाऊल दुसऱ्याचं."

आपले घरमालक थोडे सटकलेले आहेत, असं मी त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितल्याचं आठवतं.

मी कोल्हापूरहून इंदूरला आले ती एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला. एकटी बाई म्हटल्यावर घर बघायला जाईन तिथं प्रश्नांची सरबत्ती व्हायची. लग्न कधी, नॉनव्हेज खाता का, भेटायला कोण कोण येणार. चाचांनी एकच प्रश्न विचारला. "क्या पढ़ाती हैं आप?" मी म्हटलं, स्टॅटिस्टिक्स. "मतलब गिनती?" मी म्हटलं, तसंच काहीसं. त्यांनी आत चाचींना हाक मारली, "सुनो, गिनती वाली मैडम आई हैं!" आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली. गिनती आणि संख्याशास्त्र यांचं फारसं पटत नाही, हे त्या भल्या माणसाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

राजवाड्याच्या मागच्या एका बोळात त्यांचं बटणांचं दुकान होतं. बटणं, हूक, टिकल्या, गोट्याची चमकती किनार, लेस, अस्तर. अर्धी गिऱ्हाइकं जुन्या मराठी घरांतल्या बायका, त्यामुळं चाचांना मराठी यायचं, पण ते दुकानातलं मराठी. "वहिनी, रंग जाणार नाही," "मॅचिंग उद्या मिळेल," "एवढ्यात परवडत नाही हो," असल्या वाक्यांवर त्यांचा सगळा संसार चालायचा. मरणाबद्दल बोलायचं झालं तरी ते त्याच मालातून कापून द्यायचे. शेजारचे वकीलसाहेब गेले तेव्हा मला म्हणाले, "काय करणार वहिनी, त्यांचं कापड तिथपर्यंतच होतं." मला हसू आवरेना, आणि त्यांच्या डोळ्यांत तर पाणी होतं.

चाळिसाचं कोडं सुटलं ते मे महिन्यात. त्यांच्या चांद्रवर्षातला रजब महिना त्या साली ऐन उन्हाळ्यात आला होता, आणि त्यातल्या एका तारखेला चाचा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत बसायचे. दुकान सुरू करून पहिल्यांदा पुरेशी पुंजी साठली ती याच तारखेला, म्हणून जकातीचा, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेल्या देण्याचा, हिशोबही याच तारखेला. गिनतीवाली मॅडम म्हणून मला मुद्दाम बोलावणं आलं होतं.

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पंखा बंद, कारण टिकल्या उडतात. जमिनीवर पांढरीशुभ्र चादर, आणि तिच्यावर वर्षाचा सगळा माल ओतलेला. शिंपल्याची बटणं, लाकडी बटणं, शेरवानीची, शाळेच्या गणवेशाची, बाळाच्या झबल्याची तांदळाएवढी. शटरखालून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि ती सरकेल तशी बटणांची एकेक रांग उजळायची आणि विझायची. चाचा मांडी घालून मोजत होते. चाळीस झाली की एक बटण उचलून शेजारच्या चिनीमातीच्या वाडग्यात टाकायचे. टिंग. पुन्हा चाळीस. टिंग. मला गुंगी यायला लागली.

तासाभरानं माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी म्हटलं, "चाचा, एक पेटी मोजा, तिचं वजन करा, बाकीचं तोलून काढा. दहा मिनिटांचं काम आहे." चाचांनी बोट त्या बटणावर तसंच दाबून धरलं, आकडा हरवू नये म्हणून. "अंदाज़ अपने माल में लगाओ, प्रोफेसर. दुसऱ्याच्या मालात अंदाज चालत नाही."

मौलानासाहेबांनीही त्यांना सांगून पाहिलं होतं म्हणे, की अंदाजे थोडं जास्त धरा आणि मोकळे व्हा, तेवढी सवलत आहे. पण चाचांना सवलतींचं वावडं होतं. मी आपलं "दान", "दान" म्हणत होते, त्यावरून त्यांनी मला पहिल्यांदा फैलावर घेतलं. दान मर्जीचं असतं, मनात आलं तर द्या, नाहीतर नका देऊ. हे मर्जीचं नाही. नमाजासारखंच हेही फर्ज. राहतं घर मोजायचं नाही, कात्री, गजपट्टी, काचेचं कपाट मोजायचं नाही. पण विकायचा माल, रोकड, सोनंनाणं, हे सगळं मिळून साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीला पोचलं आणि तिथं एक वर्ष टिकलं, तर त्यातला चाळिसावा हिस्सा तुमचा नाहीच. "मग कोणाचा?" मी विचारलं. "ज्याच्याकडे नाही त्याचा. त्याचा माल वर्षभर माझ्या दुकानात पडून होता. भाडं पण घेतलं नाही मी," असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर ते खूप वेळ हसत राहिले.

संध्याकाळी वाडगं काठोकाठ भरलं. खरं तर द्यायचे असतात पैसे, बटणं नव्हेत. ती उद्या पुन्हा पेट्यांत जाणार होती. पण ती रास डोळ्यांनी बघितल्याशिवाय चाचांना चैन पडायचं नाही. त्यांनी वाडग्यात हात बुडवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "किती दिवस सांभाळलं बघा दुसऱ्याचं." त्यांच्या चेहऱ्यावर इतकी गाढ शांतता होती की मला उगाचच हेवा वाटला.

चाचींचा हिशोब वेगळा. सोन्याच्या बांगड्या त्यांच्या, म्हणून जकातही त्यांची. चाचा त्यात बोट घालत नसत. चाचींचं म्हणणं एवढंच होतं की हा माणूस मोजत चालतो म्हणून बाजारातून घरी येईपर्यंत पालक सुकतो.

हा दिवस दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकायचा. मी दहा वर्षं त्या घरात राहिले. त्या अवधीत तो मे महिन्यातून निघून, रंगपंचमी आणि आंब्याचा मोहोर मागं टाकत, थंडीत जाऊन पोचला. आता मला ती सगळी वर्षं एकाच लांबलचक दुपारीसारखी वाटतात, आणि कुठल्या दुपारी ऊन होतं आणि कुठल्या दुपारी मी शाल पांघरून बसले होते, ते नीट वेगळं करता येत नाही.

द्यायच्या त्यांच्या तऱ्हा तर विचारू नका. उभ्यानं कुणाला काही द्यायचे नाहीत. "देणारा उभा असला की फार उंच दिसतो," म्हणायचे, आणि समोरच्याच्या पायरीवर बसकण मारायचे. हिश्शाचे चार-पाच भाग व्हायचे. कुठला कुठं गेला हे चाचींनाही कळायचं नाही. मला फक्त एक ठाऊक होता, कारण तो मीच पोचवायचे.

बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, एका कोपऱ्यात चेपलेला. तो बटणांनी भरून, झाकण लावून चाचा माझ्या हातात द्यायचे. "हातोदला आपा आहेत. त्यांना सांगा, बटणं एकात एक झाली, वेगळी करून द्या. आठ दिवसांनी परत आणा." आणि वेगळे काही पैसे, उघडे, माझ्या तळहातावर. "ही मजुरी."

बटणांच्या पंचवीसेक पेट्या स्वतः झोपेतही लावणारा माणूस एक डबा निवडायला इंदूरहून हातोदला का पाठवतो, हा प्रश्न मला पहिल्या खेपेला पडला होता. पण या घरात प्रश्न विचारायचे तरी किती! गंगवाल बस स्टँडवरून बस घेतली आणि डबा पोचवला. आपा म्हणजे एका नामांकित शिंप्याची विधवा. तो मास्टर आयुष्यभर चाचांकडूनच बटणं घ्यायचा. तो गेल्यावर आपा दोन मुलींना घेऊन माहेरगावी आल्या आणि दारातल्या खोलीत मशीन टाकून बसल्या. मी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकला, आठ दिवसांनी डबा परत आणला. आत रंगारंगाच्या छोट्या पिशव्या, आणि सगळ्यात वर चिंधीचा एक तुकडा, त्यावर शिवलेलं एकच पांढरं बटण. चाचांनी तो तुकडा उचलून शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला. मला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी घोटाळा केला.

वाटेत बसनं कचकन ब्रेक मारला, डबा मांडीवरून पडला आणि बटणं सीटखाली पळाली. गोळा करताना डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली नोटांची चवड दिसली. माझी बोबडीच वळली. एवढी रक्कम घेऊन मी अशी गर्दीत बसले होते! मी ती पुरचुंडी पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि आपांच्या घरी गेल्यावर मोठ्या जबाबदारीनं त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, "चाचांनी पाठवलेत. नीट मोजून घ्या हं."

मोठी मुलगी मशीनवर बसली होती. तिचे पाय थांबले. नर्सिंग कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती, हे मला नंतर कळलं. आपांनी पुरचुंडी उघडलीसुद्धा नाही. आधी मला पाणी दिलं, मी पिऊन होईपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "आप मेहमान हैं मैडम, आपको क्या कहूँ. ये ले जाइए. हम ज़कात खाने वाले लोग नहीं हैं. डब्बा भी ले जाइए."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जिन्यात बसून राहिले. मग म्हणाले, "तुम्ही पैसे पोचवले, प्रोफेसर. मी डबा पाठवला होता."

मास्टर गेला त्या वर्षी चाचांनी पाकीट पाठवलं होतं आणि ते असंच परत आलं होतं. घेणाऱ्याला जकात म्हणून सांगायलाच हवं असं काही नाही, देणाऱ्याची नीयत पुरे, हे मौलानासाहेबांकडून पक्कं करून घेऊन त्यांनी डब्याची युक्ती काढली होती. आपांना तळाशी काय असतं ते कळत होतं, आणि आपांना ते कळतं हे चाचांना कळत होतं. मधे बटणांचा थर होता म्हणून दोघांचं निभत होतं. मी तो थर काढला. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी खाली उतरले नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. जाऊन बघते तर चाचा पेट्या एकामागून एक पोत्यात उलट्या करत होते. शिंपला, लाकूड, शेरवानी, झबलं, सगळं एकत्र. पोत्यात हात घालून खालीवर ढवळत होते. शेजारचा अस्तरवाला कपाळाला हात लावून उभा होता. "चाचा, ये क्या कर रिये हो भिया? शादियों का सीज़न है!"

"मी खोटं बोलणार नाही," चाचा मला म्हणाले. "बटणं मिसळली असं सांगायचं, तर मिसळायला पाहिजेत."

आम्ही टेम्पोत दोन पोती घालून हातोदला गेलो. चाचा आपांच्या पायरीवर बसले. आपांनी दारातूनच पोत्यांकडे पाहिलं.

"किसने मिलाया?"

"मैंने."

"क्यों?"

"उमर हो गई, आपा. दुकान बंद पड़ी है. गाहक लौट रहे हैं. और किसी के हाथ में इतनी सफ़ाई नहीं."

आपांनी पोत्यात हात घालून मूठभर बटणं काढून बघितली. मग म्हणाल्या, "मज़दूरी क्या दोगे?" चाचांनी भाव सांगितला. आपांनी दुप्पट मागितला. मग दोघांनी अशी काही घासाघीस केली की गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. एका रुपयासाठी चाचा दोनदा उठून निघाले आणि दोनदा परत येऊन बसले. मजुरी ती मजुरी, ती घामाची, तिच्यात जकात मिसळली तर दोन्ही बाटतील, हा त्यांचा दंडक. शेवटी पोती आत गेली, आणि एकाच्या तळाशी वर्तमानपत्रातली ती पुरचुंडीही. महिनाभर दुकानात बटण नव्हतं. महिन्यानं पोती परत आली, उरल्यासुरल्या कापडाच्या दीडशे पिशव्यांत निवडून. वरच्या पिशवीत चिंधीचा तुकडा होता, पांढरं बटण शिवलेला. चाचांनी तो दोन्ही डोळ्यांना लावला.

"हे काय आहे तरी काय?" मी विचारलं.

"शिंपी बटण शेवटी लावतो," चाचा म्हणाले. "ते लागलं की कपडा झाला, ज्याचा त्याला दिला. नुसतं देऊन होत नाही, प्रोफेसर. समोरचा मालक झाला पाहिजे. तिनं घेतलं. आता ते तिचं."

त्यानंतर मी डबा कधीही उघडला नाही. मांडीवर घट्ट धरून बसायचे, आणि हातोदपर्यंत तो खुळखुळत राहायचा. मोठी मुलगी नर्स झाली, नोकरीला लागली. एका वर्षी चाचा म्हणाले, "आता आपाला जकात लागू होत नाही. अल्हमदुलिल्लाह." शेवटचा डबा आपांकडेच राहिला, आणि तो परत मागायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुकान रस्ता रुंद होताना गेलं. उरलेला माल एका ठोक व्यापाऱ्यानं घेतला, तोही तराजूवर तोलून. चाचा तेव्हा पाठ करून उभे होते. मग चाचींचं दुखणं निघालं. आधी रोकड गेली, मग बांगड्या, मग घर विकलं. नवा मालक सज्जन होता, त्यानं खालच्या एका खोलीत दोघांना राहू दिलं. चाचा वर येऊन मला म्हणाले, "अब अपन दोनों किराएदार. बरोबरी झाली!" हे सांगताना ते हसत होते, म्हणून मीही हसले. चाची त्या पावसाळ्यात गेल्या.

जानेवारीत तो दिवस आला. मी सुट्टी काढून खाली गेले. खाटेवर पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर थोड्या नोटा, थोडी चिल्लर, शेजारी ते वाडगं. चाचांनी सराफ्यात फोन करून चांदीचा भाव विचारला. मला आकडेमोड करायला लावली, मग स्वतः केली, मग पुन्हा मला. दर वेळी उत्तर तेच. साडेबावन्न तोळ्यांच्या जवळपासही पोचत नव्हतं.

"म्हणजे यंदा काही द्यायचं नाही," मी म्हटलं. खरं सांगायचं तर एका बावळट क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

चाचांनी रिकामं वाडगं मांडीवर घेतलं. "इस साल मुझ पर किसी का हक़ नहीं बनता," ते म्हणाले. चाची गेल्या तेव्हाही त्यांचा आवाज असा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ते चालताना थांबेनासे झाले. गल्लीच्या टोकापर्यंत सरळ जायचे, सरळ यायचे. स्कूटरवाल्यानं सवयीनं विचारलं, "हो गए चालीस?" तर म्हणाले, "सब अपने ही हैं, बेटा." 

खर्च कसा चालला होता हे मला दिसत होतं. एक वेळचं जेवण. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड. मी भाजी पाठवली तर भांडं साखर घालून परत यायचं. मी पैशाचा विषय काढला तर चांदीचा भाव विचारायचे. मोहल्ल्यातली चार भली माणसं पाकीट घेऊन आली, तेव्हा मी जिन्यात होते. चाचांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मुझसे ज़्यादा ज़रूरत वाले बहुत हैं, भिया." पाकीट परत गेलं. हातोदच्या त्या खोलीत मी हेच ऐकलं होतं. मला त्यांचा राग आला. जन्मभर लोकांना घ्यायला लावलं, आणि स्वतःची वेळ आल्यावर दार बंद! गोळ्या अशाच चालू राहिल्या तर हा माणूस उन्हाळा काढणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मी हातोदला गेले. ब्लाउजचं निमित्त होतं. आपांच्या दारात आता पाटी होती, दोन मशीन होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या काज करत होत्या, ते त्यांनी आधी पूर्ण केलं. मग म्हणाल्या, "अगले इतवार आइए."

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातात तो चेपलेला डबा ठेवला.

"कहिएगा, बटन आपस में मिल गए हैं. मेरी आँखें अब काम नहीं करतीं. आठ दिन में छाँट के भेज दें." आणि काही पैसे, उघडे, माझ्या तळहातावर. "ये मज़दूरी. अलग."

मी डबा मांडीवर धरून बसमध्ये बसले. डबा पूर्वीसारखाच खुळखुळत होता. खिडकीबाहेर गव्हाची शेतं मागं पळत होती. मी जाते आहे की येते आहे, आणि हे कुठलं वर्ष आहे, ते मला काही वेळ खरोखर कळेना.

चाचा खाटेवर बसले होते. मी निरोप सांगितला, शब्दाला शब्द. मजुरी समोर ठेवली.

"मज़दूरी अलग?" त्यांनी विचारलं.

"हो. अलग."

त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला. ज्या माणसानं इतकी वर्षं तो भरला, त्याला तळाशी कागद आहे की नाही हे आवाजावरून कळणारच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. त्यांनी डबा फडताळावर ठेवला आणि म्हणाले, "ठीक है. देखता हूँ."

सोमवारी डबा तिथंच होता. मंगळवारीही. मी वर बसून पेपर तपासत होते आणि माझे कान खालीच होते. बुधवारी डबा जागेवरून हलला होता, पण झाकण बंदच. गुरुवारी मी ठरवलं, रविवारी हा तसाच परत न्यायचा, आणि मग जे होईल ते होईल. शुक्रवारी नमाजाहून आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं खालून आवाज आला. चादरीवर बटणं ओतल्याचा. मग एकेक बटण वेगळं केल्याचा, टिक, टिक, संध्याकाळ होईपर्यंत. मी पेन खाली ठेवलं आणि रडले.

रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. खाटेवर दहा-बारा पुड्या रंगानुसार लावलेल्या होत्या. उशाशी गोळ्यांचं नवं पाकीट होतं. चाचांनी चाचींचा सुईदोऱ्याचा डबा पुढं केला.

"प्रोफेसर, सुईत दोरा ओवून द्या. मला दिसत नाही."

मी ओवून दिला. त्यांनी जुन्या सदऱ्याचा तुकडा कापून ठेवला होता. त्यावर एक पांढरं बटण धरून ते शिवायला लागले. जन्म बटणांत गेला, पण त्यांनी स्वतः बटण लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. सुई दोनदा बोटात गेली.

"जड असतो हो डबा," मान खाली घालूनच ते म्हणाले. "इतने साल मैं उसे कितना भारी डब्बा भेजता रहा, और वो उठाती रही."

त्यांनी दोरा दातानं तोडला, तुकडा पुड्यांवर ठेवून झाकण लावलं. "निघा. बस जाईल."

हातोदला आपांनी डबा मशीनवर ठेवून उघडला. पुड्यांकडे पाहिलंही नाही. वरचा तुकडा उचलून उजेडाशी धरला. दोरा एकीकडे सुटलेला, गाठ वर आलेली, बटण तिरकं. मास्टरची बायको होती ती. तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनं ते बटण चिमटीत धरून ओढून पाहिलं, एकदा, दोनदा, जोर लावून.

"टाँका टेढ़ा है," आपा म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "पर पक्का लगा है."